शब्दचर्चा : नेफ्यू, इंटरेस्ट, प्लेस, लिव्हिंग... ड्यूक ऑफ न्यूकॅसलचा गोतावळा मराठीत आणताना

शंकेखोर

अठराव्या शतकातल्या इंग्रज उमरावांच्या राजकारणावरचा एक लांबलचक लेख मराठीत करायला घेतला आहे. मध्यवर्ती माणूस टॉमस पेल्हम-होलिस, ड्यूक ऑफ न्यूकॅसल (१६९३–१७६८). मंत्रिपदावर चाळीसेक वर्षे, आणि नातेवाईक व आश्रित यांची सोय लावण्यात त्या काळात हात धरणारा कोणी नाही. अडलेले शब्द : नेफ्यू, कझिन, ब्रदर-इन-लॉ, पेट्रनेज, इंटरेस्ट, कनेक्शन, प्लेस, साइनेक्युअर, लिव्हिंग.

सध्याचा मसुदा असा आहे : “ड्यूकने आपले हितसंबंध वापरून पुतण्याला जागा मिळवून दिली आणि मित्रांना आश्रय दिला.” व्याकरण ठीक आहे, अर्थाची खात्री नाही. जाणकारांनी उजेड पाडावा.

वंशवेल

नात्यांपासून सुरुवात करा, कारण इथे सगळी मालमत्ता नात्याच्या वाटेने फिरते.

नेफ्यू दिसला की हात आपोआप ‘पुतण्या’ लिहितो. या घराण्यात ते दोन पिढ्यांत दोनदा चुकेल. टॉमसची आई ग्रेस होलिस. तिचा भाऊ जॉन होलिस हा आधीचा ड्यूक ऑफ न्यूकॅसल. १७११ साली शिकारीत घोड्यावरून पडून तो गेला. मुलगा नव्हता, एकच मुलगी होती, हेन्रिएटा. मृत्युपत्रात त्याने जमीनजुमल्याचा मोठा वाटा बहिणीच्या मुलाला दिला आणि टॉमसने होलिस हे नाव आपल्या नावाला जोडले. म्हणजे टॉमस हा भाचा. मामी आणि मामेबहीण दोघी या मृत्युपत्राविरुद्ध भांडल्या, तोही प्रकार ‘आंट अँड कझिन’ एवढ्यावर उरकलेला असेल. तिथे ‘मामी’ आणि ‘मामेबहीण’ लिहिल्याशिवाय भांडण का झाले ते कळत नाही : बापाची इस्टेट लेकीला डावलून भाच्याकडे गेली.

आता पुढची पिढी. टॉमसला मूल नाही. धाकटा भाऊ हेन्री पेल्हम (१७४३ ते १७५४ सरकारचा प्रमुख), त्याचे दोन्ही मुलगे १७३९ मध्ये एकापाठोपाठ गेले, मुली राहिल्या. बहीण ल्यूसी अर्ल ऑफ लिंकनकडे दिलेली. तिचा मुलगा हेन्री क्लिंटन, नववा अर्ल ऑफ लिंकन. हा टॉमसचा वारस ठरला. म्हणजे पुन्हा भाचाच. तुमच्या वाक्यातला ‘पुतण्या’ बहुधा हाच असावा.

आणि या भाच्याचे लग्न १७४४ साली झाले ते हेन्री पेल्हमची मुलगी कॅथरीन हिच्याशी. इंग्रजीत ‘मॅरीड हिज कझिन’. मराठीत सरळ ‘मामाच्या मुलीशी लग्न केले’. देशावरच्या वाचकाला यापुढे एक अक्षर समजावून सांगावे लागणार नाही. ड्यूकच्या बाजूने पाहिले तर वर त्याचा भाचा आणि वधू त्याची पुतणी, म्हणजे भावाचा आणि बहिणीचा दोन्ही वाटे एकाच घरात राहिले.

पानसुपारी

मग पहिल्या वारशाला ‘दत्तक’ म्हणता येईल का? नाव बदलले, इस्टेट मिळाली, दत्तकाची सगळी लक्षणे दिसतात.

वंशवेल

नाही. इंग्लंडच्या कायद्यात दत्तक हा प्रकारच १९२६ पर्यंत नव्हता. हा मृत्युपत्राने दिलेला वारसा आहे, नाव त्या वारशाबरोबर आले. टॉमस बापाचा मुलगा राहिलाच, १७१२ मध्ये बापामागून बॅरन पेल्हमही झाला. शिवाय आपल्याकडे धर्मशास्त्राच्या रूढ नियमात बहिणीचा मुलगा दत्तक घ्यायला हरकत होती (प्रांताप्रांतातल्या रूढी वेगळ्या), त्यामुळे ‘भाच्याला दत्तक घेतले’ वाचून जाणत्या वाचकाच्या कपाळाला आठी पडेल.

अजून एक गफलत : मृत्युपत्राने जमीन देता येते, पदवी देता येत नाही. मामाची ड्यूक पदवी त्याच्याबरोबर संपली. १७१५ मध्ये पहिल्या जॉर्जने ती भाच्यासाठी नव्याने निर्माण केली. म्हणून ‘मामाची पदवी वारशाने मिळाली’ हे चूक, ‘मामाच्या नावाची पदवी नव्याने मिळाली’ हे बरोबर. तीच अडचण १७५६ मध्ये भाच्यासाठी आली. ड्यूक ऑफ न्यूकॅसल-अपॉन-टाइन ही पदवी बहिणीच्या मुलाकडे जाईना, म्हणून दुसऱ्या जॉर्जकडून ड्यूक ऑफ न्यूकॅसल-अंडर-लाइन ही दुसरी पदवी घेतली. तिच्या सनदेतच कलम घातले की आपल्यामागे ती लिंकनला जावी. सनदेतल्या अशा कलमाला ‘स्पेशल रिमेन्डर’ म्हणतात. इथे ‘रिमेन्डर’ म्हणजे बाकी किंवा उरलेले नव्हे, ‘सनदेतला खास वारसक्रम’ असे लिहा. १७६८ मध्ये पहिली पदवी बुडाली आणि दुसरी भाच्याकडे गेली. लिंकनला ‘दुसरा ड्यूक’ म्हणतात म्हणून तो पहिल्याचा मुलगा असल्याचे ठोकून दिलेले बऱ्याच ठिकाणी सापडते, तेवढे सांभाळा.

लेखात खरा पुतण्याही येईल. ससेक्समधली पेल्हमांची मूळ जमीन भाच्याकडे गेली नाही. ती स्टॅनमरच्या टॉमस पेल्हमकडे गेली. तो ड्यूकच्या चुलतभावाचा मुलगा, म्हणजे चुलत पुतण्या. त्याच्यासाठी १७६२ मध्ये बॅरन पेल्हम ऑफ स्टॅनमर ही पदवी अशाच कलमासह वेगळी घेतली होती. थोडक्यात, आईकडून आलेले बहिणीच्या मुलाला, बापाकडून आलेले भाऊबंदाला. इंग्रजी लेख दोघांनाही ‘किन्समन’ (नातलग) म्हणून मोकळा होतो.

ब्रदर-इन-लॉबद्दल : दुसरा व्हायकाउंट टाउनशेंड. त्याची पहिली बायको एलिझाबेथ ही ड्यूकची सावत्र बहीण. तेव्हा टाउनशेंड हा ड्यूकचा मेहुणा, ‘सावत्र बहिणीचा नवरा’ लिहिलेत तर आणखी स्वच्छ. ती १७११ मध्ये वारल्यावर टाउनशेंडने रॉबर्ट वॉलपोलची बहीण डॉरथी केली, म्हणजे वॉलपोल (पुढे बरीच वर्षे सरकारचा प्रमुख) त्याचा शालक. १७२४ मध्ये न्यूकॅसलला सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे सरकारातला एक प्रमुख मंत्री, केले ते या दोघांनी. दोन्ही जागी नुसते ‘मेहुणा’ लिहिलेत तर वाचक कोण कोणाचा म्हणून बोटे मोजत बसेल.

दफ्तरदार

नाती झाली, आता मुद्द्याचे. पेट्रनेजला एकच मराठी शब्द शोधू नका, सापडणार नाही. या एका माणसाच्या चरित्रात त्याचे तीन वेगळे व्यवहार आहेत.

पहिला, कलावंताला पोसणे. याला आश्रय. १७१७ ते १७२४ न्यूकॅसल लॉर्ड चेंबरलेन होता, म्हणजे राजवाड्याचा कारभार आणि लंडनची नाटकघरे त्याच्या अखत्यारीत. संगीतकार हेन्डलला १७१९ मध्ये गवई आणायला युरोपात धाडले तो हुकूम याच्या सहीचा.

दुसरा, नेमणुका करण्याचा हक्क. याला नेमणुकीचा अधिकार किंवा ‘जागा भरण्याचा हक्क’. ‘चर्च पेट्रनेज’, ‘ट्रेझरी पेट्रनेज’ म्हणजे हे. यात भावना काही नाही, यादी असते आणि यादीतल्या जागा असतात.

तिसरा, त्या अधिकाराच्या जोरावर माणसे बांधून ठेवणे. याला लोकांच्या तोंडचा शब्द वशिला, आणि क्रियापद वर्णी लावणे. ज्याची वर्णी लागली तो मिंधा. ‘अंडर ऑब्लिगेशन’ला याहून नेमका शब्द मिळणार नाही.

तिन्ही एकत्र पाहायचे तर रिचर्ड स्टील घ्या. निबंधकार, नाटककार. न्यूकॅसलने त्याला १७१५ मध्ये यॉर्कशरमधल्या बरोब्रिज मतदारसंघातून पार्लमेंटात बसवले. इकडे तो ड्ररी लेन नाटकघराचाही परवानाधारक. १७१९ मध्ये उमरावांची संख्या गोठवण्याचे सरकारी विधेयक आले, स्टीलने विरोधात लेखणी उचलली. जानेवारी १७२० मध्ये लॉर्ड चेंबरलेन न्यूकॅसलने त्याचा परवाना काढून घेतला. बरोब्रिजची खासदारकी मात्र १७२२ पर्यंत राहिली, कारण निवडून आलेल्याला मधेच घरी पाठवता येत नव्हते. हा प्रसंग ‘आश्रय काढून घेतला’ असा लिहिलात तर हिरमोड झालेला कलाप्रेमी डोळ्यांपुढे येतो. खरा प्रकार ‘मिंध्याने डोके वर काढले, त्याचे पोट आवळले’ असा आहे.

शंकेखोर

हे फार उपयोगी. इंटरेस्टला ‘हितसंबंध’ नको तर काय? “स्टुड ऑन द ड्यूक्स इंटरेस्ट” असे पदोपदी आहे.

दफ्तरदार

वजन. ‘ड्यूकच्या वजनावर उभा राहिला’. वजन असते, वाढते, घटते, खर्चावे लागते, दुसऱ्याच्या पारड्यात टाकता येते. अठराव्या शतकातला इंटरेस्ट अगदी असाच वागतो. ‘प्रभाव’ पुस्तकी होतो, ‘हितसंबंध’मध्ये आजचा भ्रष्टाचाराचा वास येतो, जो त्या काळच्या शब्दात नाही. पत्रात लोक उघड लिहीत की आपल्या वजनाची मला मदत व्हावी.

मात्र ‘खिशातला मतदारसंघ’ आणि ‘वजन असलेला मतदारसंघ’ एक नव्हेत, इथे लेखकही घसरतात. बरोब्रिजमध्ये मताचा हक्क ठरावीक घर-जमिनींना चिकटलेला, अशा साठ-पासष्ट. त्यातल्या निम्म्याहून अधिक ज्याच्या हातात, जागा त्याची. तरी स्थानिक विल्किन्सन घराण्याचे सहकार्य लागेच. अँड्र्यू विल्किन्सन तिथली व्यवस्था पाही आणि त्याला तोफखाना खात्यात कोठारप्रमुखाची जागा होती. हा झाला खिसा.

ससेक्समधले लुइस निराळे. तिथे स्थानिक पट्टी भरणारा प्रत्येक घरधनी मतदार. असे लोक विकत घेऊन ठेवता येत नाहीत, राखावे लागतात. राखायचे म्हणजे काय काय : घरभाडे बाजारभावाहून कमी ठेवायचे, मांस-मेणबत्त्या-बिअर गावातल्याच दुकानांतून उधारीवर न ठेवता घ्यायची, घोड्यांच्या शर्यतींना आणि मेजवान्यांना पैसे द्यायचे, आणि कोणाच्या मुलाला जकातीत, कोणाच्या जावयाला अबकारीत चिकटवायचे. यातले एक जरी थांबले तरी पुढच्या निवडणुकीत दुसरा उमेदवार उभा राहतो. न्यूकॅसलच्या कर्जाचा मोठा भाग या राखणीचा आहे, चैनीचा त्यापुढे दुय्यम.

जवळून पाहायचे तर ससेक्समधलेच सीफर्ड, १७४७. ड्यूकचे उमेदवार थोरला विल्यम पिट आणि विल्यम हे (Hay). ड्यूकने आदल्या दिवशी मतदारांना जेवण घातले आणि मतदानाच्या दिवशी स्वतः निवडणूक अधिकाऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसला. मत उघड तोंडी सांगायचे असे, तेव्हा ज्याच्या घरात आपण भाड्याने राहतो तो समोर बसला असता काय होते ते सांगायला नको. विरोधकांनी तक्रार केली. पिटने ती सभागृहात हसण्यावारी नेली. पुढे १७५४ मध्ये याच पिटला न्यूकॅसलने ऑल्डबरोमधून बसवले. पिट न्यूकॅसलचा ‘आश्रित’ होता का? अजिबात नाही, दोघांचे वाकडेच. पण दुसऱ्याच्या वजनावर निवडून आलेला नक्की होता. हा फरक मराठीत ठेवलात तर अर्धा लेख उलगडेल.

पानसुपारी

‘कनेक्शन’ला गट? पक्ष? कंपू?

दफ्तरदार

‘गट’ चालेल, पण गोतावळा घ्या. ‘पेल्हम कनेक्शन’मध्ये भाऊ, भाचा, चुलत पुतण्या, सावत्र मेहुणा, त्यांचे वकील, त्यांचे पाद्री, शेजारचे जमीनदार सगळे येतात. ‘पक्ष’ म्हटले की कार्यक्रम आणि शिस्त आली. आणि ‘फ्रेंड्स’ला मित्र नको, आपली माणसे. ‘द ड्यूक्स फ्रेंड्स इन द हाउस’ म्हणजे सभागृहातली त्याची माणसे. ‘फॅमिली’लाही जपा. त्या काळी ‘फॅमिली’त चाकर, चिटणीस, खासगी पाद्री सगळे धरत. ‘क्लेअरमाँटला (ड्यूकच्या गावाकडच्या वाड्यात) ड्यूक आपल्या फॅमिलीसह होता’ याचे ‘मुलाबाळांसह’ केलेत तर निपुत्रिकाला मुले दिलीत, आणि ‘कुटुंबासह’ म्हटले तर जुन्या मराठीत ती फक्त बायको झाली. ‘सगळ्या खटल्यासह’ असे लिहा.

तळटीप

लिव्हिंग आणि चर्चचे शब्द मी घेतो, कारण इथे सगळेच ओळखीचे चेहरे घेऊन फसवतात.

लिव्हिंग : एखाद्या गावच्या पाद्रीपणाची उत्पन्नासह जागा. उत्पन्न म्हणजे त्या काळी शेतमालाचा दशांश आणि चर्चची जमीन. मराठीत वृत्ती. जोशीवृत्ती, उपाध्येवृत्ती म्हणतो तशी पाद्रीवृत्ती. ‘निर्वाह’ किंवा ‘उपजीविका’ लिहिले की जागा, गाव आणि हक्क तिन्ही गळतात.

अ‍ॅडव्हाउसन : त्या वृत्तीवर माणूस नेमण्याचा हक्क. हा स्थावर मालमत्तेसारखा. तेव्हा तो विकता येई, गहाण टाकता येई, मृत्युपत्राने देता येई. आणि इथे ‘पेट्रन’ म्हणजे फक्त या हक्काचा धनी. त्याने कोणाला पोसलेच पाहिजे असे नाही. म्हणून ‘आश्रयदाता’ नको, नेमणुकीचा धनी बरे.

क्रम असा. जागा रिकामी झाली की धनी बिशपकडे नाव पाठवतो, याला ‘प्रेझेंटेशन’, भेट किंवा सादरीकरण नव्हे. बिशप माणूस तपासून त्याला धर्मकार्याचा अधिकार देतो, याला ‘इन्स्टिट्यूशन’, आणि याचे ‘संस्था’ असे भाषांतर मी छापील पुस्तकात पाहिले आहे. मग ‘इंडक्शन’ : नव्या पाद्रीचा हात चर्चच्या दाराच्या किल्लीवर ठेवतात, तो दार उघडतो आणि आपला ताबा गावाला कळावा म्हणून स्वतः घंटा वाजवतो. त्या क्षणापासून उत्पन्न त्याचे. त्या काळी धन्याने सहा महिन्यांत नाव पाठवले नाही तर त्या वेळेपुरता हक्क बिशपकडे जाई, त्यानेही सहा महिने घालवले तर आर्चबिशपकडे, मग राजाकडे. रिकामी पडलेली जागा विकणे गुन्हा असे. जागेवरचा म्हातारा जिवंत असताना ‘पुढची नेमणूक’ विकणे मात्र तेव्हा चाले, त्यामुळे म्हाताऱ्याच्या तब्येतीवर भाव ठरे.

बिशपांच्या नेमणुका राजाच्या, पण १७३६ नंतर नावे सुचवण्याचे काम न्यूकॅसलकडे आले आणि पुढली पंचवीसेक वर्षे त्याच्याच हाती राहिले. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये २६ बिशप बसतात, म्हणजे २६ मते, हे त्यातले गुपित. बिशपांची पीठे, म्हणजे त्यांची क्षेत्रे, सारख्या उत्पन्नाची नव्हती. ब्रिस्टल गरिबांपैकी, डरहॅम आणि विंचेस्टर गर्भश्रीमंत. नवा माणूस गरीब पीठावर बसवायचा आणि वर सरकण्याच्या आशेवर ठेवायचा. त्याचा मर्जीतला पाद्री जॉन ह्यूम १७५६ मध्ये ब्रिस्टल, १७५८ मध्ये ऑक्सफर्ड, १७६६ मध्ये सॉल्झबरी असा चढत गेला. या सरकण्याला इंग्रजीत ‘ट्रान्सलेशन’ म्हणतात. ‘ह्यूमचे ऑक्सफर्डमध्ये भाषांतर झाले’ असे होऊ देऊ नका, बदली झाली.

शंकेखोर

हसू आवरेना. साइनेक्युअरसाठी ‘वतन’ कसे?

तळटीप

शब्द चर्चमधूनच निघाला. ‘साइने कुरा’, आत्म्यांची काळजी न वाहता. रेक्टर (गावची पाद्रीवृत्ती धारण करणारा) उत्पन्न खातो, प्रत्यक्ष प्रार्थना दुसरा करतो, त्यावरून बिनकामाची सरकारी जागा. ‘वतन’ मला पटत नाही. वतन वंशपरंपरा चालते, ही जागा फार तर हयातीची.

दफ्तरदार

वतन नको याला सहमत. पण एक शब्द पेशवाई दफ्तरातून उचलावा असा आहे : मुतालिक. पद एकाच्या नावे, काम करणारा मुतालिक. इंग्लंडमध्ये तोच प्रकार. लिंकन १७४९ पासून लंडन बंदराच्या जकातीचा कम्प्ट्रोलर (हिशेब-तपासनीस) आणि १७५१ पासून खजिन्याचा ऑडिटर, दोन्ही १७९४ मध्ये मरेपर्यंत. कागद तपासायला तो थोडाच बसणार, काम मुतालकाकडून चाले. साइनेक्युअरला ‘बिनकामाची जागा’ आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘काम मुतालकावर सोपवून पगार खाण्याची’ हा खुलासा.

तळटीप

मुतालिक आजच्या वाचकाला आडनाव वाटेल. मी ‘बदली कारकून’ लिहीन.

दफ्तरदार

वाटू दे. आडनाव पडले तेच या कामावरून. ‘बदली कारकून’ म्हणजे रजेवर गेलेल्याच्या जागी आलेला, इथे मूळ माणूस कधी रुजूच झालेला नाही.

तळटीप

वाचकाला कोश उघडायला लावायचा असेल तर हरकत नाही. माझे मत कायम.

पानसुपारी

हयातीची जागा आणि मर्जीची जागा यात फरक असतो ना?

दफ्तरदार

तोच फरक १७६२ मध्ये लोकांच्या पोटावर आला. ‘फॉर लाइफ’ म्हणजे हयातीची सनद, ‘ड्यूरिंग प्लेझर’ म्हणजे मर्जी असेतो. यात ‘आनंद’ कुठे नाही. ‘रिव्हर्शन’ म्हणजे आजचा धारक मेल्यावर जागा मला, असे आधीच मिळवलेले लेखी वचन, ‘उलटणे’ नव्हे.

मे १७६२ मध्ये न्यूकॅसलने राजीनामा दिला. देऊ केलेले निवृत्तिवेतनही घेतले नाही. डिसेंबरात त्याने फ्रान्सशी होणाऱ्या तहाला विरोध करताच नवा सरकारप्रमुख ब्यूट आणि त्याचा सभागृहातला साथी हेन्री फॉक्स यांनी झाडलोट काढली. खुद्द ड्यूकची परगण्यांची लॉर्ड लेफ्टनंट (परगण्यातला राजाचा प्रतिनिधी) पदे गेली. मग नावे हुडकत ते थेट जकातीतल्या तळच्या माणसांपर्यंत उतरले. भरतीच्या वेळी आलेल्या जहाजावर चढून माल उतरेपर्यंत पहारा देणारे, किनाऱ्यावर चोरट्या मालासाठी घोड्यावरून गस्त घालणारे, असे वर्षाला थोडक्या पगाराचे लोक, ज्यांचा गुन्हा एवढाच की कधीकाळी पेल्हमांच्या चिठ्ठीवर लागले. इतिहासकार याला ‘पेल्हमच्या निष्पापांची कत्तल’ म्हणतात. हयातीच्या सनदा टिकल्या. लिंकनची ऑडिटरकी त्यातलीच.

‘प्लेस’ला ‘स्थान’ न लिहिण्याचे कारणही यात आहे. स्थान जात नाही, जागा जाते. तुमच्या मसुद्यातला हा एक शब्द बरोबर होता. ‘प्लेसमन’ला मात्र ‘सरकारी जागा असलेला खासदार’ असे पूर्ण लिहा.

आणि जकातवाल्यांना मत होते म्हणून तर ही ओढाताण. १७८२ च्या कायद्याने जकात-अबकारीतल्या नोकरांचा मतदानाचा हक्क काढून घेतला, तेव्हा किनाऱ्यावरच्या मतदारसंघांतले सरकारी वजन एका फटक्यात घटले.

शंकेखोर

मग वाक्य असे : “ड्यूकने आपले वजन खर्चून भाच्याची खजिन्यात हयातीच्या जागेवर वर्णी लावली आणि आपल्या माणसांच्याही सोयी पाहिल्या.”

वंशवेल

चांगले. पहिल्या उल्लेखात ‘बहिणीचा मुलगा लिंकन’ असे नाव घाला, ल्यूसीचे मुलगे दोन होते. थोरला जॉर्ज, आठवा अर्ल, १७३० मध्ये लहानपणीच गेला.

शंकेखोर

शेवटची शंका. पत्रांत “आय हॅव द फेवर ऑफ युवर ग्रेसेस लेटर” असे येते. फेवर म्हणजे इथेही वशिला?

तळटीप

नाही, तिथे फेवर म्हणजे आलेले पत्रच. ‘आपले कृपापत्र पावले’. ‘युवर ग्रेस’ हे फक्त ड्यूक आणि आर्चबिशप यांना, बाकी उमरावांना ‘युवर लॉर्डशिप’. दोन्हींना ‘महाराज’ करू नका, राजा वेगळा आहे. ‘ड्यूकसाहेब’ पुरते. पत्राच्या शेवटी ‘आज्ञाधारक सेवक’ चालेल, पण ते स्वतः ड्यूकही दुसऱ्या ड्यूकला लिहितो, तेव्हा त्यावरून कोणाला कोणाचा मिंधा ठरवू नका.